इंग्लंडमधल्या चर्चचा वाद: दारावरच्या नोटिशीपासून बॅरिस्टरपर्यंत

तुम्ही इंग्लंडात राहता. कोपऱ्यावरच्या जुन्या दगडी चर्चच्या दारावर एके दिवशी कागद लागतो: मनोऱ्यात मोबाइल कंपनीची अँटेना बसवायची आहे. किंवा आईला गावच्या चर्चच्या आवारात पुरलंय आणि तिच्या शिळेवर मराठी ओळ कोरायला तिथले व्हिकर, म्हणजे पाळक, राजी नाहीत. किंवा घर घेताना सॉलिसिटर विचारतो, ‘चॅन्सल रिपेअर’ची तपासणी करून घेऊ का, आणि तुम्ही नुसतेच त्याच्याकडे बघत राहता. तिन्हींचा धागा एका जुन्या, वेगळ्या कायद्यापाशी जातो. तो जाणणारे बॅरिस्टर मोजकेच असतात, आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे फार उशिरा पोचतात.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. तुम्ही ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही. पुढे दिसेल की कायद्याचीही तशी अट नाही.

पहिली पायरी: चर्च कुणाचं, ते बघा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. बाहेरून सगळी चर्चं सारखी दिसतात, कायद्याच्या नजरेत ती सारखी नाहीत.

चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याशी बांधलेलं चर्च आहे. त्याचा कायदा हा देशाच्या कायद्याचाच भाग. त्याची जनरल सिनड, म्हणजे चर्चची कायदे करणारी सभा, जे ‘मेझर’ (कायद्याचा मसुदा) मंजूर करते, ते संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे जातं, त्याला राजाची संमती मिळते आणि मग ते संसदेच्या कायद्याच्याच तोडीचं ठरतं. १९१९ च्या कायद्याने ही व्यवस्था लावून दिली. म्हणून या चर्चची न्यायालयं म्हणजे मंडळीने आपसात नेमलेले पंच नव्हेत, त्यांचा आदेश मोडला तर खरोखर अंगाशी येतं.

कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट यांचं तसं नाही. त्यांचे नियम हे सभासदांनी आपसात मान्य केलेले नियम. वाद न्यायालयात गेलाच तर तो साध्या दिवाणी न्यायालयात, ट्रस्ट किंवा कराराच्या मुद्द्यावर जातो. गुरुद्वारा आणि मंदिरांचंही तेच. बर्मिंगहॅम आणि हाय विकम इथल्या गुरुद्वारांच्या विश्वस्तांचं भांडण २०१४ साली थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टाने सांगितलं की मालमत्तेचा हक्क ठरवायला गरज पडली तर न्यायाधीश धार्मिक प्रश्नातही डोकावू शकतात. मराठी मंडळांच्या आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी हा निकाल एकदा वाचावा असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

वेल्समधलं अँग्लिकन चर्च १९२० मध्ये राज्यापासून वेगळं झालं, स्कॉटलंडचं चर्च तर मुळातच वेगळं. तेव्हा पुढचं सगळं इंग्लंडपुरतं, आणि चर्च ऑफ इंग्लंडपुरतं. त्यातही कॅथीड्रल असेल तर त्याची परवान्यांची पद्धत निराळी, आणि वेस्टमिन्स्टर अॅबीसारखी थेट राजाच्या अखत्यारीतली ठिकाणं या चौकटीबाहेर.

(महाराष्ट्रातून इकडे आलेल्यांचा एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे चर्चच्या ट्रस्टचा वाद म्हटला की पावलं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे वळतात. इंग्लंडातही चॅरिटी कमिशन आहे, पण खिडकी बदलू नये की कबर हलवू नये, हे ते ठरवत नाही.)

दुसरी पायरी: वाद कशाचा, ते ठरवा

चर्चची इमारत, आतल्या वस्तू, आवार, थडगी यांत बदल करायचा असेल तर ‘फॅकल्टी’ लागते. फॅकल्टी म्हणजे चर्चच्या न्यायालयाने दिलेला परवाना. किरकोळ कामं ‘अ’ यादीत, त्यांना परवानगी नको. जरा मोठी ‘ब’ यादीत, त्यांना आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकाची, लेखी परवानगी पुरते. उरलेलं सगळं न्यायालयापुढे. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६ हजार चर्चं आहेत आणि त्यांतली १२ हजारांहून अधिक वारसा-इमारती म्हणून संरक्षित आहेत. इतरांना अशा इमारतीला हात लावायला नगरपालिकेची खास मंजुरी लागते. चर्चला त्यातून सूट आहे, कारण त्याची स्वतःची ही यंत्रणा आहे. बाहेरून दिसणाऱ्या बांधकामाला नेहमीचं प्लॅनिंग परमिशन मात्र वेगळं घ्यावंच लागतं.

पाळकाच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर दार दुसरं. २००३ च्या क्लर्जी डिसिप्लिन मेझरखाली ती लेखी, पुराव्यासह, बिशपकडे करायची. साधारणपणे एका वर्षाच्या आत. बिशपपुढे पाच वाटा असतात: काहीच न करणं, अट घालून प्रकरण स्थगित ठेवणं, समेट, संमतीने शिक्षा, किंवा रीतसर चौकशी. चौकशीतून पुढे गेलंच तर पाच जणांचं न्यायमंडळ बसतं. या मेझरवर लोक बरीच वर्षं नाराज आहेत आणि त्याच्या जागी नवं आणण्याचं काम सुरू आहे, म्हणून तक्रार लिहिण्याआधी त्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते बघून घ्या. प्रवचन आवडलं नाही, फोन उचलत नाहीत, असल्या कुरबुरींसाठी हा रस्ता नाही.

आणि चॅन्सल रिपेअर. काही जुन्या जमिनींच्या मालकांवर गावच्या चर्चच्या वेदीकडच्या भागाची दुरुस्ती करून देण्याचा मध्ययुगीन बोजा आहे. वारविकशायरमधल्या अॅस्टन कँटलो गावी एका शेतमालक जोडप्याने हा बोजा नाकारला. प्रकरण २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि ते हरले. शेवटी दुरुस्तीचाच आकडा १ लाख ८० हजार पौंडांच्या वर गेला, वकिलांचा खर्च निराळा. त्यानंतर नियम आला की १३ ऑक्टोबर २०१३ च्या आत चर्चने हा हक्क जमिनीच्या नोंदीत चढवावा. तोवर नोंद झाली नसेल आणि त्यानंतर जमीन मोबदला देऊन विकली गेली असेल, तर नवा मालक सहसा मोकळा. तेव्हा घाबरू नका, पण सॉलिसिटर विचारेल तेव्हा त्या थोड्याशा पैशांसाठी नाही म्हणू नका. हा वाद साध्या न्यायालयात चालतो. बॅरिस्टर मात्र बहुधा तेच, चर्चचा कायदा जाणणारे.

तिसरी पायरी: २८ दिवस

समजा, वाद फॅकल्टीचा आहे. अर्ज आला की चर्चच्या आत आणि बाहेर नोटीस लावावी लागते, किमान २८ दिवस. मोबाइलवर तिचा फोटो काढा, तारखेसकट. पुढचं सगळं या तारखेवर चालतं.

हरकत कोण घेऊ शकतं? त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहणारी कोणीही प्रौढ व्यक्ती. बाप्तिस्मा झालेला असो नसो, रविवारी चर्चला जा न जा, गणपती बसवा की नमाज पढा. नव्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण नियम तसाच आहे. पॅरिशच्या मतदारयादीत नाव असलेले, आर्चडीकन, वारसा-संस्था, आणि ज्यांचा पुरेसा हितसंबंध आहे असे बाहेरचे लोकही यात येतात. उदाहरणार्थ, ज्यांच्या आजोबांचं थडगं हलवायचं आहे ते.

हरकतीचं पत्र डायोसिसच्या, म्हणजे त्या बिशपच्या विभागाच्या, रजिस्ट्रारला पाठवायचं. मग रजिस्ट्रार तुम्हाला लिहून विचारतो: तुमचं पत्र न्यायाधीशाने नुसतं विचारात घ्यावं, की तुम्ही रीतसर पक्षकार व्हाल? उत्तराला २१ दिवस असतात. पहिला पर्याय निवडला तर तुमचं म्हणणं वाचलं जातं, खर्चाची जोखीम नाही, पण सुनावणीत आवाज नाही. दुसरा निवडला तर सगळे हक्क येतात आणि जबाबदारीही. बॅरिस्टरला पहिला फोन करायचा तो या २१ दिवसांत. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात केला तर तो किंवा ती तुमच्याच अर्धवट पत्राला ठिगळं लावत बसणार.

दोन गोष्टी जपा. रजिस्ट्रार सौम्य बोलतो, फोनवर नीट समजावून सांगतो, पण तो तुमचा वकील नाही. तो न्यायालयाचा कारकून आणि बिशपचा कायदेशीर सल्लागार असतो. आणि न्यायाधीशाला थेट पत्र लिहायचं नाही. ओळखीने तर मुळीच नाही.

पत्रात काय लिहावं? शंभर सह्या गोळा करण्यात शक्ती घालवू नका, इथे मतदान होत नाही. कारणं लिहा: इमारतीचं काय नुकसान होईल, दुसरा पर्याय होता का, गरज खरी आहे का, तुमच्यावर नेमका काय परिणाम होईल. अँटेनाचंच घ्या. लंडनजवळच्या चिंगफर्डच्या चर्चवर मोबाइलचं यंत्र बसवायला तिथल्या न्यायाधीशाने नकार दिला होता. कारण असं की त्या लहरींतून अश्लील मजकूरही जाईल. अपिलाच्या न्यायालयाने ते फिरवलं आणि परवानगी दिली. म्हणजे नैतिक संताप खालच्या पातळीवर चालला तरी वर टिकेलच असं नाही.

चौथी पायरी: थडग्यांचा प्रश्न असेल तर

आपल्या लोकांना सर्वात जास्त भिडणारा प्रकार हा, म्हणून इथे जरा थांबतो.

चर्चच्या आवारात जागा असेल तर त्या पॅरिशमधल्या कुणालाही तिथे दफनाचा हक्क आहे, धर्म कुठलाही असो. पण जमीन कुटुंबाची होत नाही. शिळा तुमची, आणि तुमच्यानंतर वारसांची. ती कशी असावी हे डायोसिसच्या नियमांवर ठरतं. नियमात बसणारी शिळा पाळक स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकतात. नियमाबाहेरची असेल तर फॅकल्टी. बऱ्याच डायोसिसमध्ये चकचकीत पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट चालत नाही, शिळेवर फोटो चालत नाही, भोवती कठडा चालत नाही. नगरच्या किंवा पुण्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत जे सर्रास दिसतं, तेच इथे नाकारलं जाऊ शकतं. म्हणून शिळेचा दगड मागवण्याआधी नियमांची प्रत मागा. कोरून आणलेली शिळा घेऊन परवानगी मागणाऱ्यांबद्दल न्यायाधीशांना फारसं प्रेम वाटत नाही.

आणि आता भाषा. कॉव्हेंट्रीजवळ एक्झॉल इथल्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात एका आयरिश कुटुंबाला आईच्या शिळेवर आयरिश भाषेत ‘आमच्या हृदयात सदैव’ अशा अर्थाची ओळ हवी होती. २०२० मध्ये डायोसिसच्या न्यायाधीशाने ती इंग्रजी भाषांतराशिवाय नाकारली. भाषांतर नसेल तर वाचणाऱ्याला ती राजकीय घोषणा वाटू शकेल, असं कारण दिलं. कुटुंब बॅरिस्टर घेऊन अपिलात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्ट ऑफ आर्चेस या चर्चच्या अपील न्यायालयाने परवानगी दिली, भाषांतराची सक्ती न घालता. मराठी ओळ हवी असणाऱ्यांनी अर्जात या निकालाचा उल्लेख करावाच. सोबत ओळीचा अर्थ इंग्रजीत लिहून द्या. शिळेवर नव्हे, अर्जात. देवनागरी अक्षरांचा नेमका आराखडाही जोडा. न वाचता येणारी ओळ मंजूर करायला कुणीही बिचकेल, अर्थ समोर असला की निम्मी शंका तिथेच मिटते.

अस्थी किंवा शव दुसरीकडे न्यायचे असतील तर मात्र मनाची तयारी ठेवा. विधिपूर्वक अर्पण केलेल्या भूमीतलं दफन कायमचं, हे तत्त्व आहे. २००२ च्या ब्लॅगडन प्रकरणात कोर्ट ऑफ आर्चेसने सांगितलं की अपवादात्मक कारण असेल तरच उकरण्याची परवानगी मिळेल. चुकीच्या जागी दफन झालं, किंवा सगळ्या कुटुंबाला एकाच कबरीत आणायचं आहे, अशी कारणं चालू शकतात. आम्ही घर बदललं, हे एकटं कारण सहसा पुरत नाही. दफन करतानाच दहा वर्षांनी आपण कुठे असू याचा विचार करा, हा कटू पण खरा सल्ला.

पाचवी पायरी: बॅरिस्टर शोधणं आणि त्याला कामाला लावणं

मराठी मनात बॅरिस्टर म्हटलं की गांधीजी आणि बाबासाहेब येतात. गांधीजी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून, बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. भारतात वकील एकच. इंग्लंडात मात्र अजून विभागणी आहे: सॉलिसिटर प्रकरण सांभाळतो, बॅरिस्टर मत देतो आणि न्यायालयात बोलतो. पूर्वी सॉलिसिटरमार्फतच जावं लागे. आता ‘पब्लिक अॅक्सेस’ची परवानगी असलेल्या बॅरिस्टरला तुम्ही थेट नेमू शकता. पण एक मेख आहे. सॉलिसिटरमार्फत आलेलं काम, वेळ आणि अनुभव असेल तर, बॅरिस्टरने सहसा नाकारायचं नसतं, मग अशिलाचं मत त्याला पटो न पटो. थेट आलेल्या अशिलाला हे संरक्षण नाही.

चेंबर्सला, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयाला, फोन केला की तिथला क्लार्क उचलतो. फी त्याच्याशीच ठरते. त्याला तीन प्रश्न विचारा. या व्यक्तीने कन्सिस्टरी कोर्टात, म्हणजे डायोसिसच्या न्यायालयात, स्वतः काम चालवलंय का? ती आमच्या डायोसिसमध्ये न्यायाधीश किंवा उपन्यायाधीश नाही ना? या क्षेत्रात हे लोक इतके थोडे आहेत की एका डायोसिसचा न्यायाधीश दुसऱ्या डायोसिसमध्ये बॅरिस्टर म्हणून उभा असतो, त्यामुळे हा प्रश्न उद्धट नाही. आणि तिसरा: फक्त लेखी मताची ठरावीक फी किती? नुसतं ‘चर्चची कामं करतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. चर्चच्या घरभाडेकरूंचे खटले चालवणाराही तेच म्हणेल.

फोनआधी कागद लावून ठेवा: नोटिशीचा फोटो, अर्ज, नकाशे, इमारतीचं महत्त्व सांगणारं निवेदन, गरज सांगणारं निवेदन, डायोसिसच्या सल्लागार समितीचं मत, आजवरचा पत्रव्यवहार. वर एका पानाची तारीखवार टिपणी. समितीचं मत आधी वाचा. ती शिफारस करते, हरकत नाही म्हणते, किंवा शिफारस करत नाही. ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नाही, पण ते तुमच्या विरोधात असेल तर चढण आहे हे समजा.

चांगल्या बॅरिस्टरचं मत कधीकधी निराश करतं. ‘विरोध सोडा, अट मागा,’ असं तो लिहितो. फॅकल्टी अटींसह देता येते: दिवे रात्री अमुक वाजता बंद, जुनी बाकं विकायची नाहीत, खोदकामावर पुरातत्त्वज्ञ हजर. शेजाऱ्याला खरं तर हेच हवं असतं.

सहावी पायरी: सुनावणी

कन्सिस्टरी कोर्ट हे डायोसिसचं न्यायालय आणि चान्सलर हा त्याचा न्यायाधीश. कँटरबरीत त्याला कमिसरी जनरल म्हणतात. पुष्कळ प्रकरणं लेखी म्हणण्यावरच संपतात. सुनावणी झालीच तर बहुधा त्याच चर्चमध्ये, टेबल-खुर्च्या मांडून. चेस्टर कॅथीड्रलमध्ये सतराव्या शतकातलं असं न्यायालय अजून जसंच्या तसं आहे, तिकडे गेलात तर नक्की बघा.

संरक्षित चर्चमधल्या बदलासाठी २०१२ च्या डफील्ड निकालातले प्रश्न वापरले जातात. बदलाने इमारतीच्या महत्त्वाला धक्का लागेल का? लागत असेल तर किती? गरज किती पटण्याजोगी आहे? आणि लोकांना होणारा फायदा, ज्यात उपासना आणि मंडळीचं जीवन दोन्ही आलं, त्या धक्क्याहून भारी आहे का? तुमचा सगळा युक्तिवाद याच क्रमाने मांडा.

पुराव्याचं वजन किती, ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या प्रकरणात दिसलं. टोबायस रस्टॅट हा सतराव्या शतकातला देणगीदार, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवलेला. त्याचं स्मारक चॅपेलमधून हलवावं असा कॉलेजचा अर्ज होता. काही माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला. २०२२ मध्ये त्याच चॅपेलमध्ये सुनावणी झाली, दोन्हीकडे बॅरिस्टर, इतिहासकारांच्या उलटतपासण्या. अर्ज फेटाळला गेला. उपचान्सलरांनी नोंदवलं की रस्टॅटने कॉलेजला दिलेला पैसा त्या व्यापारातून आलेला नव्हता, आणि उलटं चित्र लोकांच्या मनात पसरलं होतं. स्मारक हलवायला हवं होतं असं मानणारे आजही आहेत आणि त्यांची वेदना खोटी नाही. पण उलटतपासणीत न टिकणाऱ्या हकिकतीवर अर्ज उभा केला की काय होतं, ते त्यांनाही दिसलं.

खर्चाचा हिशोब साध्या दिवाणी दाव्यासारखा नाही. न्यायालयाची फी सहसा अर्जदार भरतो, जिंकला तरी. हरलेल्याने जिंकलेल्याच्या वकिलाचे पैसे द्यावेत असा सर्वसाधारण नियम नाही. अवाजवी वागलात, मुदती मोडल्यात, नाहक ताणलंत, तर मात्र तसा आदेश होतो. स्वतःच्या बॅरिस्टरची फी बहुतेक वेळा तुम्हालाच.

अपिलाला परवानगी लागते आणि मुदत काही आठवड्यांचीच असते. दक्षिणेकडून ते कोर्ट ऑफ आर्चेसमध्ये जातं, उत्तरेकडून चान्सरी कोर्ट ऑफ यॉर्कमध्ये. दोन्हींचा प्रमुख न्यायाधीश एकच, डीन ऑफ द आर्चेस. धर्मतत्त्व किंवा उपासनाविधीचा प्रश्न आला तर त्यासाठी आणखी एक न्यायालय आहे. ते क्वचितच बसतं. १९८७ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुकमध्ये शिल्पकार हेन्री मूरने घडवलेला गोल दगड ‘पवित्र मेज’ ठरतो का, हे त्याने ठरवलं. ठरतो, असा निकाल आला.

हेच काम करायचं असेल तर

एकेकाळी या न्यायालयांत साध्या बॅरिस्टरला जागाच नव्हती. लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्समधले, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे कायद्याचे डॉक्टर तिथली मक्तेदारी सांभाळून होते. १८५७ मध्ये मृत्युपत्रं आणि घटस्फोट चर्चच्या न्यायालयांकडून काढून घेतले, त्यांची मिळकत आटली आणि ती संस्था संपली. आज वाट नेहमीचीच: कायद्याची पदवी किंवा दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठीचा कायद्याचा अभ्यासक्रम, ‘इन’ नावाच्या बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकी एकीचं सदस्यत्व, बारचं प्रशिक्षण, मग पुपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. फक्त चर्चच्या कायद्यावर पोट भरणारे जवळजवळ नाहीत. बहुतेक जण प्लॅनिंग, मालमत्ता, ट्रस्ट किंवा नोकरीविषयक कायदा करतात आणि हे सोबत. तेव्हा आधी त्यातलं एक क्षेत्र पक्कं करा. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एक्लेसिअॅस्टिकल लॉ सोसायटीचं सभासद व्हा. कन्सिस्टरी कोर्टांचे निकाल जालावर फुकट वाचायला मिळतात. आठवड्याला एक वाचा, आणि सुरुवात थडग्यांच्या निकालांपासून करा. ते छोटे असतात, आणि कायदा माणसांना कुठे टोचतो ते त्यांत लगेच दिसतं.